पारावरचा पहिला माणूस : होस्ट्स फाइल वापरून सॉफ्टवेअरचं परस्पर नेट वापरणं कसं थांबवायचं

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या धाराशिव-लातूरकडच्या सेवा केंद्रांची दिवाळी आणि शिमगा एकाच वेळी. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि सकाळी सहाला शटर उघडायच्या आधीच पायरीवर सातबारा घेऊन माणसं बसलेली असायची. अशाच एका दिवशी रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबरची वायर तोडली. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. रोजचे दोन जीबी, म्हणजे फॉर्म भरायला खरं तर भरपूर. पण अकरा वाजताच डेटा संपल्याचा मेसेज आला. समोरचे मामा म्हणाले, "सर, कवापासून ते चाक गरगर फिरायलंय. फॉर्म जायलाय का न्हाई?"

फॉर्म जात नव्हता, कारण डेटा दुसरंच कोणीतरी खात होतं. संध्याकाळी शोधलं तर एका प्रिंटरसोबत आलेलं मदतनीस सॉफ्टवेअर आणि पीडीएफ उघडायचं एक सॉफ्टवेअर, दोघंही मागच्या मागे नवी आवृत्ती उतरवत बसली होती. तिसरं एक तर स्कॅनरचं. ते दर थोड्या वेळानं 'वापराची माहिती' म्हणून काहीतरी कुठंतरी पाठवत होतं. मी काय स्कॅन करतो, कितीदा करतो, हे त्याला कशाला पाहिजे?

त्या रात्री होस्ट्स फाइलशी माझी नीट ओळख झाली. या फाइलबद्दल अर्धवट माहिती देणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यातल्या एकाचं ऐकून एका मित्रानं अख्ख्या केंद्राचं थंब मशीन बंद पाडलं, तेव्हा म्हटलं, सविस्तर लिहावं.

फाइल नेमकं काय करते

कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. सॉफ्टवेअर एखाद्या नावाशी बोलायला निघालं की आधी त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता, विचारावा लागतो. हे काम डीएनएस करतं. पण डीएनएसकडे जाण्याआधी विंडोज स्वतःच्याच घरातली एक छोटी मजकुराची फाइल बघतं. तीच होस्ट्स.

गावात पाव्हणा आला की आधी पारावर विचारतो, "अमक्याचं घर कुठाय?" पारावर बसलेल्या पहिल्या माणसानंच सांगितलं, "असा माणूस या गावात न्हाई," तर पाव्हणा तिथूनच माघारी फिरतो. होस्ट्स फाइल म्हणजे पारावरचा तो पहिला माणूस. आपण त्याच्या कानात सांगून ठेवायचं की अमुक नाव विचारलं तर खोटा पत्ता दे. सॉफ्टवेअर खोट्या पत्त्यावर जातं, तिथं कोणी नसतं, विषय संपतो.

ही फाइल डीएनएसपेक्षा जुनी आहे. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा, आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती वही पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. वही मात्र गेली नाही. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळीकडे ती अजून आहे आणि अजूनही तिलाच आधी विचारतात.

आधी साधे उपाय संपवा

होस्ट्स फाइल उघडण्यापूर्वी दोन गोष्टी बघाच. पहिली, त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'अपडेट आपोआप तपासा' किंवा 'वापराची माहिती पाठवा' असा खुणेचा चौकोन असतो. त्यातली खूण काढली की निम्म्या वेळा काम भागतं.

दुसरी, हॉटस्पॉट वापरत असाल तर विंडोजला सांगा की हे मोजून मिळणारं नेट आहे. सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, जोडलेल्या नेटवर्कचे गुणधर्म, आणि तिथं 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. विंडोजची बहुतेक मोठी अपडेट्स त्यानं थांबून राहतात. रात्री फायबर परत आला की बंद करायचं. विंडोजची अपडेट्स होस्ट्स फाइलमधून कधीही अडवू नका. केंद्राच्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, बँक पासबुक, जमिनीचे कागद असतात, आणि सुरक्षेची अपडेट्स अडवणं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर घराचे पत्रे काढून ठेवणं.

हे दोन्ही करूनही सॉफ्टवेअर ऐकत नसेल, तर पुढे या.

कोण कुठं जातंय ते शोधणं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. लोक ही पायरी गाळतात, कुठून तरी यादी उचलतात, चिकटवतात, आणि मग आठ दिवसांनी काहीतरी भलतंच बंद पडतं.

स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा आणि उघडा. वर नेटवर्कचा टॅब आहे. पहिल्या चौकटीत आत्ता नेट वापरणाऱ्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, दिसतात. किती बाइट जातात, किती येतात, तेही. संशय असलेल्या प्रोसेससमोर खूण केली की खालच्या चौकटींत फक्त तिचीच हालचाल उरते. एक गोष्ट इथंच लक्षात येईल, अपडेट उतरवणारी प्रोसेस बऱ्याचदा मूळ सॉफ्टवेअरपेक्षा वेगळी असते. नावात 'अपडेटर' किंवा 'हेल्पर' असं काहीतरी असतं. हे नाव वहीत लिहून ठेवा, पुढे फायरवॉलच्या वेळी लागेल.

इथं पत्ते कधी नावानं दिसतात, कधी नुसते आकडे. आपल्याला नाव पाहिजे, कारण होस्ट्स फाइलला नावच कळतं. त्यासाठी मी वापरतो ती पद्धत अशी. ब्राउझरसह सगळं बंद करा. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, त्यावर उजवी क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत ही आज्ञा द्या:

आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस

(या लेखात आज्ञा आणि नावं देवनागरीत आहेत ती वाचण्यापुरती. टाइप करताना सगळं रोमन लिपीत, अंकसुद्धा इंग्रजी (0, 1, 2). आज्ञेच्या पहिल्या शब्दानंतर एक जागा सोडा, मग तिरकी रेघ, मग पुढचा शब्द जोडून.)

यानं कॉम्प्युटरनं आधी विचारलेल्या नावांची आठवण पुसली जाते. आता फक्त ते एकच सॉफ्टवेअर उघडा. पाच-सात मिनिटं चहा घ्या. मग:

आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस

मधल्या काळात विचारली गेलेली नावं समोर येतील. यादी लांब वाटली तरी घाबरू नका. विंडोजची स्वतःची काही नावं त्यात असतात, ती सोडून द्या. जास्त उशीर करू नका, कारण प्रत्येक नोंदीला ठरावीक आयुष्य असतं. ते संपलं की नोंद आपोआप गळते.

इथं एक बारकावा आहे. मोठ्या कंपन्यांचं एक नाव दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे. म्हणजे सॉफ्टवेअर विचारतं कंपनीचं नाव, आणि उत्तरात येतं एखाद्या भल्यामोठ्या वितरण जाळ्यातलं लांबलचक नाव. अडवायचं ते सॉफ्टवेअरनं *विचारलेलं* पहिलं नाव. साखळीतलं शेवटचं नाव होस्ट्समध्ये टाकून काही होत नाही, कारण पारावरच्या माणसाला ते नाव कोणी विचारलेलंच नसतं. मी सुरुवातीला दोन दिवस शेवटचीच नावं टाकत बसलो होतो.

काय अडवायचं नाही

नाव सापडलं म्हणून लगेच अडवू नका. नावात 'अपडेट', 'टेलिमेट्री', 'स्टॅट्स', 'ॲनालिटिक्स', 'ॲड्स' असं काही असेल तर ते बहुधा आपलं गिऱ्हाईक. 'ओसीएसपी' किंवा 'सीआरएल' असं असेल तर हात लावू नका. ती प्रमाणपत्रं खरी आहेत का हे तपासण्याची ठिकाणं आहेत. अँटिव्हायरसची, घड्याळ जुळवण्याची ठिकाणंही सोडा. घड्याळ चुकलं की सरकारी पोर्टलं उघडतानाच कुरकुर करतात.

आता मित्राच्या थंब मशीनची गोष्ट. आधारच्या बोटाच्या ठशाचं यंत्र जोडल्यावर जी आरडी सर्व्हिस चालते, ती त्याच कॉम्प्युटरवर बसून असते. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे 'मी स्वतः', आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा आकडा) ११,१०० ते ११,१२० मधला. ब्राउझरमधलं पोर्टल याच पत्त्यावर तिच्याशी बोलतं, आणि लोकलहोस्ट हे याच पत्त्याचं नाव. मित्रानं व्हिडिओत बघून त्या नावालाच ०.०.०.० लावून ठेवलं होतं. दिवसभर यंत्र बदल, केबल बदल, ड्रायव्हर परत टाक. शेवटी ती ओळ सापडली. काही डिजिटल सिग्नेचरची सॉफ्टवेअर्स तर स्वतःहून होस्ट्समध्ये १२७.०.०.१ ची एखादी ओळ घालतात, सही करताना त्यांना ती लागते. तेव्हा लोकलहोस्टच्या नावाला आणि आधीपासून असलेल्या, तुम्ही न लिहिलेल्या ओळीला हात लावण्याआधी ती कशाची आहे ते शोधा.

फाइल उघडणं

फाइल इथं असते:

सी:\विंडोज\सिस्टम३२\ड्रायव्हर्स\ईटीसी\होस्ट्स

शेवटचा ईटीसी हा फोल्डर. त्यातली फाइल नुसती 'होस्ट्स', एच-ओ-एस-टी-एस. पुढे टिंब नाही, टीएक्सटी नाही, काही नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू मेनूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून घ्या, म्हणजे शेपूट असलेली आणि नसलेली फाइल ओळखू येईल.

सगळ्यात आधी तिची नक्कल काढा. त्याच फोल्डरमध्ये नक्कल चिकटवून तिच्या नावापुढे जुनी म्हणून तारीख घाला. पाच सेकंदांचं काम आहे, पण पुढे रात्री साडेनऊला डोकं चालेनासं झालं की हीच नक्कल उपयोगी पडते.

मग स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, उजवी क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. हे विसरलात तर फाइल उघडेल, तुम्ही लिहालही, पण साठवताना नोटपॅड 'सेव्ह ॲज'ची खिडकी पुढे करेल आणि आपण नकळत होस्ट्स डॉट टीएक्सटी नावाची भलतीच फाइल तयार करून बसू. ती फाइल विंडोज कधीच वाचत नाही. 'मी लिहिलं तरी काहीच होईना' असा फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

नोटपॅडमधून फाइल मेनू, ओपन. फोल्डरपर्यंत गेलात तर तो रिकामा दिसेल. उजव्या कोपऱ्यात 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स'च्या जागी 'ऑल फाइल्स' निवडा, मग फाइल दिसेल.

उघडल्यावर बहुतेक ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) दिसेल. हॅशनंतरचं सगळं विंडोज सोडून देतं, ते फक्त माणसांसाठी. लोकलहोस्टच्या दोन ओळीही हॅशमागे असतात, कारण ते काम आता विंडोज आतल्या आत करतं. त्या तशाच राहू द्या.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या मोफत संचात होस्ट्स फाइलसाठी वेगळा संपादक आहे. खटक्यानं ओळ चालू-बंद करता येते. रोजचं काम असेल तर तो घ्या. पण पहिल्यांदा हातानंच करा, म्हणजे आत काय होतंय ते कळतं.

ओळ लिहिणं

फाइलच्या अगदी शेवटी जाऊन नव्या ओळीवर लिहा. समजा, अडवायचं नाव अपडेट्स.एक्झाम्पल.कॉम आहे. (एक्झाम्पल.कॉम हे उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं नाव आहे, तुम्ही तुमचं सापडलेलं घाला.)

०.०.०.०   अपडेट्स.एक्झाम्पल.कॉम
::   अपडेट्स.एक्झाम्पल.कॉम

आधी पत्ता, मग एक-दोन जागा किंवा टॅब, मग नाव. दुसऱ्या ओळीतले दोन कोलन (:) म्हणजे नव्या धाटणीच्या, आयपीव्ही६ पत्त्यांसाठीचा 'कुठेच नाही'. आता मोबाइलच्या नेटवर आयपीव्ही६ सर्रास असतं, म्हणून मी दोन्ही ओळी घालतो.

पुष्कळ जण ०.०.०.० च्या जागी १२७.०.०.१ लिहितात. चालतं, पण मला पटत नाही. १२७.०.०.१ म्हणजे 'माझ्याकडेच ये'. तुमच्या कॉम्प्युटरवर आधीच काही ऐकत बसलेलं असेल, वेबसाइट शिकणाऱ्या पोरांनी आपल्याच यंत्रावर वेबसाइट चालवणारं झॅम्प टाकलेलं असेल, तर पाव्हणा त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. विंडोजवर ०.०.०.० हा जोडणीला चालणारा पत्ताच नाही, त्यामुळे प्रयत्न तिथल्या तिथं फसतो, वाट बघत बसावं लागत नाही.

नावात चुका होतात त्या अशा. नावाच्या सुरुवातीला एचटीटीपीएस लिहायचं नाही. नावाच्या शेवटी तिरकी रेघ देऊन पान लिहायचं नाही. पोर्टचा आकडा लिहायचा नाही. आणि तारका लावून 'या नावाखालचं सगळं' असं सांगता येत नाही. एक्झाम्पल.कॉम अडवलं म्हणून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम अडत नाही, त्याला वेगळी ओळ. अपडेट्स१, अपडेट्स२ अशी नावं असतील तर प्रत्येकाला वेगळी.

प्रत्येक ओळीच्या वर हॅश लावून तारीख आणि कारण लिहा. कशासाठी, कोणत्या सॉफ्टवेअरसाठी. मी हे पहिल्यांदा मराठीत लिहिलं, फाइल जुन्या एन्कोडिंगमध्ये साठवली गेली, आणि महिन्याभरानं उघडल्यावर जागोजागी प्रश्नचिन्हांची रांग. तेव्हापासून टिपणं रोमन अक्षरांत. देवनागरीच पाहिजे असेल तर साठवताना यूटीएफ-८ निवडा, पण 'विथ बीओएम' असं लिहिलेलं नको. त्यानं फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी अक्षरं चिकटतात आणि पहिली ओळ बिघडू शकते.

साठवा. अँटिव्हायरसनं अडवलं तर तो त्याचं कामच करतोय, कारण या फाइलवर चोरांचाही डोळा असतो. त्याच्या सेटिंगमध्ये होस्ट्सच्या संरक्षणाची खूण तेवढ्यापुरती काढा, फाइल साठवा, खूण परत लावा. आणखी एक, मायक्रोसॉफ्टची माहिती गोळा करणारी ठिकाणं अडवली तर विंडोज डिफेंडर 'होस्ट्स फाइल हायजॅक' असा इशारा देतो. घाबरून त्यात 'काढून टाका' म्हणालात तर तो फाइल मूळ स्थितीला नेतो आणि तुमच्या सगळ्या ओळी जातात. नक्कल काढा म्हटलं ते यासाठीही.

लागू झालं का

पुन्हा फ्लशडीएनएसची आज्ञा द्या. ते सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांमध्ये लपून बसलेलं असेल तर तिथूनही. आधीच जुळलेली जोडणी होस्ट्स फाइल तोडत नाही. ती फक्त पुढच्या वेळी पत्ता विचारला की खोटं सांगते. म्हणून सॉफ्टवेअर नव्यानं सुरू करणं गरजेचं. शंका राहिली तर कॉम्प्युटरच परत सुरू करा.

तपासायला काळ्या खिडकीत पिंग, एक जागा, आणि ते नाव. ०.०.०.० दिसलं, किंवा होस्ट सापडत नाही, पाठवणं फसलं असा मेसेज आला, तर काम झालं. खरा आयपी पत्ता दिसला तर ओळ लागू झालेली नाही: नाव चुकलं असेल, फाइलला टीएक्सटीची शेपूट असेल, किंवा ओळीपुढे हॅश राहिलं असेल.

तपासायला एनएसलुकअप वापरू नका. ती आज्ञा पारावर थांबतच नाही, थेट डीएनएसकडे जाते. त्यामुळे तिथं खराच पत्ता दिसतो आणि माणूस उगाच वैतागतो. लातूरच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांशी माझा यावरून अर्धा तास वाद झाला होता. शेवटी दोघांनी शेजारी शेजारी बसून दोन्ही आज्ञा चालवल्या, तेव्हा मिटला.

शेवटची परीक्षा परत रिसोर्स मॉनिटरमध्ये. त्या प्रोसेससमोर आता बाइट वाढत नसतील तर झालं. आणि दोन दिवस सॉफ्टवेअर नेहमीसारखं वापरून बघा. छपाई, स्कॅन, सही, सगळं. काही अडलं तर नवी ओळ हॅशमागे ढकला, फ्लश करा, परत बघा. एका वेळी एकच नाव अडवायचं ते यासाठीच. वीस नावं एकदम टाकली तर बिघडवलं कोणी हे शोधता शोधता मुदत संपते.

पाव्हण्याला घर माहीत असेल तर

जो पाव्हणा पारावर न थांबता सरळ घरी जातो, त्याला हा उपाय लागू नाही. सॉफ्टवेअरच्या पोटात नावाऐवजी थेट आयपी पत्ता लिहिलेला असेल, तर होस्ट्स फाइलला तो कळतच नाही. काही सॉफ्टवेअर्स स्वतःचं वेगळं डीएनएस वापरतात, तीही पाराला वळसा घालतात. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्या यंत्रामार्फत नेट वापरणं, चालू असेल तर नावाची विचारपूस पलीकडच्या गावात होते, आपल्या पारावर नाही.

अशा वेळी फायरवॉल, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला नेटवर जाऊ द्यायचं हे ठरवणारा विंडोजचा पहारेकरी. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून डब्ल्यूएफ.एमएससी लिहा. डावीकडे 'आउटबाउंड रूल्स', उजवीकडे 'न्यू रूल', प्रकार 'प्रोग्रॅम', मग त्या अपडेटरच्या ईएक्सई फाइलचा मार्ग, मग 'ब्लॉक द कनेक्शन', तिन्ही प्रोफाइलवर खूण, आणि नियमाला कळेल असं नाव. आधी वहीत लिहून ठेवलेलं प्रोसेसचं नाव इथं लागतं. फायरवॉल प्रोग्रॅम ओळखते, होस्ट्स नाव ओळखते. एकाच ठिकाणी अनेक सॉफ्टवेअर्स जात असतील तर होस्ट्सची एक ओळ सगळ्यांना पुरते. एकाच सॉफ्टवेअरला सगळीकडे अडवायचं असेल तर फायरवॉल बरी.

तयार मोठ्या याद्याही मिळतात. स्टीव्हन ब्लॅक यांची गिटहब या संकेतस्थळावरची यादी त्यात प्रसिद्ध, जाहिराती आणि घातक ठिकाणांची हजारो नावं तिच्यात आहेत. घरच्या कॉम्प्युटरला ठीक. केंद्रावर मी ती टाकत नाही. फाइल फार फुगली की विंडोजची नाव शोधणारी सेवा मंदावू शकते, आणि उद्या एखादं पोर्टल अडलं तर हजारो ओळींत ती एक कुठं शोधणार?

लातूरला अभ्यासिका चालवणाऱ्या एका ताईंनी पोरांसाठी व्हिडिओची आणि खेळांची ठिकाणं अशीच अडवून घेतली. तिथं मी एकच अट घातली, पोरांचं खातं साधं असावं, ॲडमिनिस्ट्रेटरचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी ओळी गायब. पोरांनी अर्थात खिशातले मोबाइल काढले. त्याला होस्ट्स फाइल काय करणार!

एक गिऱ्हाईक मी परत पाठवतो

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम करणारे काही जण येतात. म्हणतात, "सर, आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर सारखं लायसन्स मागायलंय, ते होस्ट्समधी बंद करून द्या की." मी करत नाही. चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरली तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. त्यावर अशा प्रतींसोबत येणारे व्हायरस वेगळे. त्यांना मी इंकस्केप आणि जिम्प ही डिझाइनची मोफत सॉफ्टवेअर्स टाकून देतो. सुरुवातीला तोंड वाकडं करतात. दोघे आता त्यावरच पत्रिका करतात.

चोरही हीच फाइल वापरतात

हे प्रत्येकानं वर्षातून चार वेळा तपासावं, काही अडवायचं असो वा नसो. घातक सॉफ्टवेअर होस्ट्समध्ये बँकेच्या नावासमोर स्वतःचा पत्ता घालून ठेवतं. तुम्ही बँकेचं नाव अचूक टाइप करता आणि पोचता भलतीकडेच. ब्राउझर अशा वेळी प्रमाणपत्र चुकीचं असल्याचा मोठा इशारा देतो. तो इशारा ओलांडून पुढं जाऊ नका. फाइल उघडा. ज्या ओळीपुढे हॅश नाही, जी तुम्ही लिहिलेली नाही, आणि जिच्यात ०.०.०.० किंवा १२७.०.०.१ सोडून वेगळाच आकडा आहे, तिथं थांबा. बँकेचं, टपाल खात्याचं, पोर्टलचं नाव अशा ओळीत दिसलं तर ओळ काढा, कॉम्प्युटरवर पूर्ण स्कॅन चालवा, आणि दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदला. या क्रमानंच. बाधित यंत्रावर बदललेला पासवर्ड चोरालाच मिळतो.

सगळं विस्कटलंच तर जुनी नक्कल परत ठेवा. ती नसेल तर नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून फाइलमधल्या हॅश नसलेल्या ओळी पुसा. डिजिटल सिग्नेचरची ओळ असेल तर ती मात्र ठेवा. साठवा, फ्लश करा. हॅशच्या ओळीच उरलेली फाइल विंडोजला पूर्ण चालते.

लिनक्स आणि मॅकवर फाइल ईटीसी फोल्डरमध्येच असते, लिहिण्याची रीत तीच, फक्त बदलायला सुडो (ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आज्ञा देणं) लागतं. लिनक्सवर ०.०.०.० ला जोडणी केली तर ती स्वतःच्याच यंत्राकडे वळते, एवढा फरक लक्षात ठेवा.

माझ्या केंद्राच्या फाइलमध्ये आज अकरा नावं आहेत. त्यातली तीन हॅशमागे आहेत, कारण स्कॅनरच्या सॉफ्टवेअरला त्याशिवाय रंगीत स्कॅन जमेना. ते का, हे अजून शोधतोय.